न जळणाऱ्या जळणाचे शास्त्र

कोकणातील घराची पावसाळ्यापूर्वीची तयारी, जिला तेथे आगोटीची बेगमी म्हणतात, ती नुसत्या यादीवरून पाहिली तर अगदी साधी दिसते: तांदूळ, कुळीथ, मीठ, मिरची, आमसुले, सुकी मासळी आणि जळण. यांपैकी जळण सोडून बाकीच्या सर्व वस्तू कणगीत, बरणीत किंवा माळ्यावर जाऊन दृष्टीआड होतात, आणि कोणाच्या घरी काय किती भरले आहे याविषयी शेजाऱ्यांना केवळ तर्कावर भागवावे लागते. जळण मात्र पडवीच्या कडेला किंवा अंगणालगतच्या खोपीत, पाणंदीवरून जाणाऱ्या-येणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात रचले जाते. त्यामुळे त्या घरात कष्टाळू माणसे किती, आळशी किती, आणि यंदा घरात काही बिनसले आहे काय, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आत पाऊल न टाकता मिळतात. सरपणाचा मुख्य उपयोग जाळणे हा होय, असा जो सार्वत्रिक समज आहे, तो या पार्श्वभूमीवर तपासून पाहणे अगत्याचे ठरते. कारण थोड्या निरीक्षणाअंती असे आढळून येते की, ज्याला खऱ्या अर्थाने उत्तम सरपण म्हणावे ते सहसा जळतच नाही.

प्रथम वर्गीकरणाचा विचार करू गेल्यास, चुलीत घालता येईल ते सर्व लाकूड म्हणजे सरपण ही व्याख्या कोशापुरती ठीक आहे. व्यवहारात त्याची पक्की उतरंड असते. अगदी तळाशी काटक्याकुटक्या, चुडते (माडाची वाळलेली झावळे) आणि सोडणे (नारळाची सुकी साले) येतात, ज्यांच्यावर चूल रोज पेटते, परंतु ज्यांना जळण म्हणून कोणी मोजत नाही. मधल्या पायरीवर आंबा आहे, जो पेटतो कमी आणि धुमसतो फार. शिवाय सामाजिक वनीकरणाच्या काळात माळांवर आणि रस्त्यांच्या कडेला लावलेला आकेशिया आहे, ज्याला नावे सगळे ठेवतात आणि ज्याच्या फांद्या घरीही सगळेच नेतात. सर्वांत वर ऐन, किंजळ, खैर आणि किनाऱ्यालगत सुरू ही मंडळी असून, त्यांचा निखारा रात्री राखेखाली झाकून ठेवला तर पहाटे फुंकणीच्या दोन फुंकरींत जागा होतो. सावर, पांगारा आणि शेवगा यांना लाकडाचा आकार असला तरी लाकडाचे गुण नसल्यामुळे, भाताला आधण येण्यापूर्वीच त्यांची राख झालेली असते. आणि बिब्ब्याचे लाकूड तर चुलीपाशी आणूच नये, कारण त्याच्या चिकाने व धुराने अंगावर असे उतते की, ते झाड ओळखण्याचा धडा पुन्हा कोणाला द्यावा लागत नाही. वड, पिंपळ आणि औदुंबर यांना कुऱ्हाड लावायची नसते, हे सांगण्याची गरज पडत नाही, इतके ते सर्वांना ठाऊक असते.

या उतरंडीला कायद्यानेही अप्रत्यक्षपणे दुजोरा दिला आहे. महाराष्ट्रात झाडे तोडण्याचे नियमन करणारा जो अधिनियम 1964 साली झाला, त्याच्या अनुसूचीतील, म्हणजे सोबत जोडलेल्या यादीतील, झाडे स्वतःच्या मालकीच्या जमिनीत असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. आणि या यादीत साग व चंदन यांच्याबरोबर आंबा, फणस, खैर, ऐन व किंजळ यांचाही समावेश असल्यामुळे, कायदे करणाऱ्यांची आणि चुलीपुढे बसणाऱ्यांची आवड याबाबतीत बरीच जुळते असे म्हणावे लागेल. याचा परिणाम असा झाला की, गावात अशी झाडे कोणी तोडत नाही. ती वाळतात, कलतात, वाऱ्याने मोडतात, विजेच्या तारेला अडथळा करतात किंवा गोठ्यावर पडू पाहतात. आणि आपण होऊन पडू पाहणाऱ्या या झाडाला पडताना थोडा हात लावण्यापुरताच माणसाचा त्यात सहभाग असतो.

झाड आडवे झाल्यानंतर त्याचे खांडके करणे, म्हणजे हातभर लांबीचे तुकडे पाडणे, आणि नंतर त्या खांडक्यांच्या फोडी काढणे, या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिली क्रिया अलीकडे पेट्रोलवर चालणारा करवती ‘कटर’ करतो, आणि त्या कटरवाल्याची तारीख मिळवणे हे एप्रिल-मे महिन्यांत लग्नाचे कार्यालय मिळवण्याहून सोपे नसते. दुसरी क्रिया अद्याप कुऱ्हाडीकडेच राहिली असून, तिचे शास्त्र असे की, लाकडातील तंतू खोडाच्या लांबीने धावत असल्याने आडव्या घावाला ते दाद देत नाहीत, उभ्या घावाला मात्र सहज दुभंगतात. पण जेथून फांदी फुटली असेल तेथे हे तंतू वळतात, एकमेकांत गुंततात आणि गाठ तयार होते. अशा गाठीत कुऱ्हाडीचे पाते एकदा रुतले की, ते पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. मग ते सोडवण्यासाठी पाचर, म्हणजे एका बाजूस निमुळता होत गेलेला लोखंडाचा किंवा कठीण लाकडाचा तुकडा, भेगेत घालून घणाने ठोकावी लागते. या अवस्थेत फोडणारा घामाघूम होऊन उभा असताना पडवीतील बाकड्यावर बसलेले ज्येष्ठ आप्त “गाठीर कित्याक मारतंस रे?” असा प्रश्न विचारतात. गाठ कोठे आहे हे त्यांना घाव पडण्यापूर्वीही दिसत होते. तथापि सल्ला आधी दिला तर त्याचे महत्त्व पटत नाही, असा त्यांचा दीर्घ अनुभव असतो.

लाकूडफोडीला सल्लागारांची जितकी समृद्ध परंपरा लाभली आहे, तितकी दुसऱ्या कोणत्याही घरकामाला लाभलेली नाही. खांडके कोणत्या ओंडक्यावर उभे करावे, बुंध्याची बाजू वर ठेवावी की शेंड्याची, पाय किती फाकवावेत, ओले असतानाच फोडावे की वाळल्यावर, यांपैकी प्रत्येक मुद्द्यावर वाडीत किमान दोन पक्ष असतात, आणि दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी कुऱ्हाडीचा आवाज ऐकून काही क्षणांत हजर होतात. मे महिन्यात मुंबईहून आलेला चाकरमानी, म्हणजे नोकरीनिमित्त शहरात राहणारा कोकणी माणूस, याच सुमारास आपल्या अंगात अजून जुनी रग शिल्लक आहे हे सिद्ध करण्यासाठी कुऱ्हाड मागून घेतो. त्याचे छायाचित्र पहिल्या पाच मिनिटांत काढून ठेवणे इष्ट असते, कारण त्यानंतर लाकडाच्या फोडी कमी आणि हाताला फोड अधिक, असे प्रमाण होऊ लागते. आणि आतून एखाद्या काकू “पुरे झालं रे बाबा, चहा घे” असे म्हणतात, तेव्हा त्या हाकेतील दया त्याच्या खेरीज सर्वांच्या लक्षात येते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ही म्हण झाडांच्या बाजूने रचली गेली असली तरी, असा दांडा हातात धरणाऱ्याच्या कमरेलाही ती पुढचे चार दिवस लागू पडते.

वाहतुकीच्या प्रकरणात सल्लागार आढळत नाहीत. रानातून किंवा बागेच्या टोकाकडून घरापर्यंत लाकूड आणण्याचे काम बहुतांशी स्त्रिया करतात. त्यासाठी फांद्या एका मापात तोडून, केवणीच्या सालीने किंवा हिरव्या वेलीने आवळून मोळी बांधली जाते; डोक्यावर चुंबळ, म्हणजे कापडाची वळून केलेली चकती, ठेवून त्यावर ही वीस-पंचवीस किलोंची मोळी चढवतात, आणि ती चढवण्यासाठी दुसरीचा हात लागत असल्याने बायका सहसा जोडीने किंवा घोळक्याने जातात. शेवटच्या बाईची मोळी कोणी चढवायची हा प्रश्न तर्कशास्त्रात सुटत नाही. रानात तो मोळी बांधावर उभी करून आणि स्वतः खाली वाकून रोज सोडवला जातो. पुरुषाने एका रविवारी लाकूड फोडले तर त्याचा ठणठणाट साऱ्या वाडीला ऐकू जातो आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या ताकदीची चर्चा होते. बाईने चार महिने रोज मोळी आणली, तरी त्या कामाला आवाज नसल्यामुळे त्याची नोंद कोठेच होत नाही. पुढे उडवी, म्हणजे लाकडांचा ढीग, रचून झाल्यावर ‘यंदा जळण मी भरपूर करून ठेवले’ हे वाक्य घरात ज्याच्या तोंडून निघते, तो बहुधा रविवारवालाच असतो.

लाकूड घरी आले म्हणजे ते जळण झाले, असे नव्हे. ताज्या तोडीच्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते, आणि चुलीसाठी ते प्रमाण 20 टक्क्यांच्या खाली यावे लागते; कारण एक किलो पाण्याची वाफ करण्यासाठी सुमारे 2,260 किलोज्यूल उष्णता खर्ची पडत असल्याने, ओले लाकूड आपल्याच अंगातील पाणी आटवण्यात इतके गुंतून पडते की, वर ठेवलेल्या भाताच्या पाण्याकडे पाहण्यास त्याला सवड मिळत नाही. त्याच्या टोकांतून पाण्याचे बुडबुडे येतात, ते सूं सूं आवाज करते, आणि धूर इतका करते की, डोळ्यांतील पाण्याचे खरे कारण कोणते याचा उलगडा सासूलाच काय, खुद्द सुनेलाही होत नाही. वाळलेल्या लाकडाची परीक्षा सोपी असून, त्याच्या टोकांना मध्यातून फाकणाऱ्या भेगा पडलेल्या असतात, आणि दोन फोडी एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज येतो. ओल्याचा आवाज बद्द येतो. रत्नागिरीकडे वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो, हे ध्यानात घेतले म्हणजे दिवाळीनंतर तोडणी, होळीच्या आगेमागे फोडणी आणि मृग नक्षत्र लागण्यापूर्वी रचणी, हे वेळापत्रक किती काटेकोर आहे ते समजते.

रचणी ही या शास्त्राची सर्वांत प्रगत आणि म्हणूनच सर्वांत वादग्रस्त शाखा होय. वाळवी लागू नये म्हणून खाली जांभ्या दगडाचे चिरे मांडून त्यांवर आडव्या दांड्या टाकतात. उडवीच्या दोन्ही टोकांना फोडी उभ्याआडव्या चौकटीने लावतात, जेणेकरून मधला भार बाहेर ढासळू नये. आणि वरून पूर्वी माडाचे विणलेले झाप टाकत असत, ज्यांची जागा आता निळ्या प्लास्टिकच्या कागदाने घेतली आहे. वरच्या थराची साल आकाशाकडे असावी की जमिनीकडे, हा प्रश्न केवळ कोकणाचा नव्हे. नॉर्वेमध्ये लार्स मिट्टिंग या लेखकाने 2011 साली सरपण तोडणे, रचणे व वाळवणे यांवर लिहिलेले पुस्तक अमाप खपले, आणि त्यानंतर फेब्रुवारी 2013 मध्ये तेथील सरकारी दूरचित्रवाणीने त्याच विषयावर बारा तासांचा कार्यक्रम केला, ज्याचा मोठा भाग पेटलेल्या शेकोटीच्या अखंड चित्रणाने व्यापलेला होता. त्यावर प्रेक्षकांच्या तक्रारी आल्या. निम्म्यांचे म्हणणे असे की, साल वरच्या बाजूला ठेवली ही चूक झाली, आणि उरलेल्या निम्म्यांचे म्हणणे असे की, ती खालच्या बाजूला ठेवली ही चूक झाली. एवढ्या थंड प्रदेशातही हा विषय इतका तापतो, याचे कोकणातील बाकड्यावर बसणाऱ्यांना मुळीच आश्चर्य वाटणार नाही. बारा तास त्यांना कसे पुरले, एवढीच काय ती शंका ते काढतील.

उडवी रचून पूर्ण झाली की ती घराची राहत नाही. तिच्या पोकळीत मांजर विते, कोंबडी मालकिणीला पत्ता लागू न देता अंडी घालते, आणि विंचवापासून फुरशापर्यंतचे भाडेकरू विनापरवाना मुक्काम ठोकतात. फुरसे हा वीतभर-हातभर लांबीचा विषारी साप कोकणात विपुल असल्याने, पावसाळ्यात जळण काढताना गृहिणी प्रथम काठीने उडवीवर दोन-तीन वेळा ठोकते, थोडे थांबते, अंगावर अंग घासल्याचा खरखर आवाज येतो का ते ऐकते, मग कडेची एक फोड काठीने ओढून पायापाशी पाडते, ती पालथी करून पाहते, आणि त्यानंतरच हाताने उचलते. एखाद्या सरकारी कचेरीत आत जाण्यापूर्वीही इतकी सावधगिरी कोणी बाळगत नाही.

तथापि उडवीला खरा धोका सापविंचवांचा नसून फाल्गुनाचा असतो. होळीसाठी लाकडे आणि गोवऱ्या पळवण्याचा पोरांचा हक्क महाराष्ट्रात जवळजवळ सर्वत्र मान्य असून, या चोरीला रूढीचे अभय असल्यामुळे मालकाला तक्रार करता येत नाही. फार तर होळीभोवती उभे राहून नारळ टाकताना, आगीच्या मध्यभागी जळणारी किंजळीची फोड आपली असल्याची खात्री करून घेता येते. फोडणीचा हंगाम भरात आणि रचणी अर्धवट, अशा नेमक्या वेळी हा सण येत असल्याने, शिमग्याच्या आठवड्यात जागरूक गृहस्थ उडवीच्या दर्शनी भागात आंब्याची धुमसणारी लाकडे लावून ठेवतात. पोरेही त्यांच्याइतकीच जाणकार असल्याने मागच्या बाजूने येतात. ज्यांनी स्वतःच्या लहानपणी हाच मार्ग वापरलेला असतो, ते गृहस्थ अशा वेळी अंथरुणात पडल्या पडल्या पावले मोजतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिव्या देण्याचा विधी यथासांग पार पाडतात.

निसर्ग स्वतःही कधीकधी या व्यवहारात उतरतो, मात्र त्याला वेळेचे भान नसते. 3 जून 2020 रोजी निसर्ग याच नावाचे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकले, आणि रायगडात व लगतच्या दापोली-मंडणगड भागात माड, पोफळी आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे आंबे एका दिवसात आडवे झाले. ज्या घरांची कौले उडाली आणि उत्पन्नाच्या बागा गेल्या, त्यांच्या नुकसानीत हसण्यासारखे काही नव्हते; परंतु सरपणाच्या दृष्टीने पाहता, आयुष्यभर पुरून उरेल इतके लाकूड दाराशी येऊन पडावे आणि ते मृगाच्या तोंडावर, अंगातील सगळ्या पाण्यानिशी यावे, यासारखी क्रूर थट्टा शोधून सापडणार नाही. त्यातील बरेचसे लाकूड पावसात भिजत पडून राहिले, आणि त्या पावसाळ्यातही चुली पेटल्या त्या वर्षभर आधी तोडून ठेवलेल्या फोडींवरच.

आता गॅस आल्यानंतर हे सर्व लयास जायला हवे होते, असा आक्षेप येणे स्वाभाविक आहे. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो वायू असतो. पारंपरिक चुलीत लाकडाच्या उष्णतेपैकी जेमतेम 10 ते 15 टक्के भांड्याला लागते आणि उरलेली घराच्या वाशांना व स्वयंपाक करणाऱ्याच्या चेहऱ्याला लागते, हे लक्षात घेऊन हिशेब मांडला, तर एक सिलिंडर सुमारे 200 किलो सुक्या लाकडाचे काम करतो. म्हणजे आठ-दहा मोळ्या वाचतात, आणि धुराने बायकांच्या छातीवर जे ओझे पडते तेही वाचते. 1 मे 2016 रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने, ज्या घरांत गॅस पोहोचला नव्हता अशा पुष्कळ घरांत तो नेला, हेही खरे. तरीही उडव्या उभ्याच आहेत. चूल स्वयंपाकघरातून उठून मागच्या पडवीत गेली आणि तेथे आंघोळीचे पाणी, उकड्या तांदळासाठी भात उकडणे, गणपतीच्या दिवसांतली मोठी पातेली, अशी जड कामे तिच्याकडे राहिली. कारण ‘एवढ्याला गॅस जाळायचा?’ हा प्रश्न विचारणारी पिढी अद्याप घरात आहे, आणि तिच्या पश्चात तो विचारण्याची जबाबदारी पुढच्या पिढीने बिनबोभाट उचलली आहे. सिलिंडर सर्वांकडे सारखाच लाल असतो, त्यावरून कोणाची पारख होत नाही, ही गॅसची दुसरी उणीव फारशी बोलून दाखवली जात नाही.

येथे मूळ प्रश्नाकडे वळता येते. चूल पेटवायची वेळ आली की हात प्रथम चुडतांकडे जातो, मग काटक्यांकडे, मग आंब्याकडे. ऐन-किंजळीच्या फोडी मागच्या रांगेत ‘अडीअडचणीला’ म्हणून राहतात. आषाढात झड लागते आणि आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हाही ही ती अडचण नव्हे, असे ठरवून ओलसर लाकडे चुलीच्या वैलाशी शेकत ठेवली जातात. भाद्रपदापर्यंत पुढची रांग संपते, मागची शाबूत असते, आणि पुढल्या वर्षी नवी उडवी तिच्या पुढ्यात रचली जाते. अशा रीतीने काही फोडींचे वय घरातल्या शाळकरी मुलांइतके होते. याला कंजूषपणा म्हणण्याचा मोह होतो, परंतु तसे म्हणणे चुकीचे ठरेल. कारण अडीअडचण या शब्दाने घरातल्या माणसांच्या मनात जो प्रसंग असतो तो अगदी ठरलेला असून, त्याचे नाव शुभ तोंडाने घेत नाहीत एवढेच. वाडीत कोणी वारले की अनेक गावांत आजही घरटी लाकूड दिले जाते. एका चितेला 300 किलोंच्या घरात लाकूड लागते आणि पावसाळ्यात ते एका घराच्याने पुरवणे कठीण असते. त्या वेळी कोणी ओले किंवा धुमसणारे लाकूड दिले, तर ती गोष्ट देणाऱ्याच्या नातवाच्या लग्नातही निघू शकते. म्हणून मागची रांग त्या दिवशी, आणि बहुतेक त्याच दिवशी, उघडली जाते. भांडण असलेल्या घरासाठीही उघडली जाते, किंबहुना तेथे एखादी फोड मुद्दाम जास्त जाते.

याचा निष्कर्ष असा निघतो की, प्रत्येक घर आपले उत्तम सरपण दुसऱ्यांसाठी राखते, आणि त्या घराच्या वाट्याला शेवटी दुसऱ्यांनी राखलेले येते. अर्थशास्त्रात या व्यवस्थेला विमा म्हणतात. येथे मात्र कागद नाही, सही नाही, आणि हप्ता भरला की नाही हे पाणंदीवरून जाणाऱ्या कोणालाही दिसते. तोवर आंघोळीचे पाणी सोडणांवर तापत राहते, ते तापायला उशीर होतो अशी तक्रार घरातले सगळे रोज सकाळी करतात, आणि ज्याने ते पाच मिनिटांत कढत होईल ते लाकूड हातभर अंतरावर रचलेले असताना, त्याला हात लावण्याची छाती कोणाचीही होत नाही.